पंचवीसशेवर थांबायचं

बाबा, मी बंदूक घेतली होती. सत्त्याऐंशी साली, मिशिगनमध्ये, थंडी सुरू होता होता. दारूगोळ्याची नाही, हवेची. पण खेळण्यातली नव्हे. लाकडी दस्ता, खांद्याला लावायची, सशाचा जीव घेऊ शकेल अशी. तुम्ही जाऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती. आईला मी दर पंधरा दिवसांनी निळं पत्र पाठवत असे. त्यात बर्फाबद्दल लिहीत असे, तुमच्या जावयाच्या सर्दीबद्दल लिहीत असे. बंदुकीबद्दल कधी लिहिलं नाही. आता आईही नाही. लिहायचं तर तुम्हालाच, कारण यात तुमची एक गोष्ट आहे जी मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. तिच्यापर्यंत यायला मला थोडा वेळ लागेल.

आम्ही नोव्हाय नावाच्या गावात राहत होतो, डेट्रॉइटच्या जवळ. तुमचा जावई गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर होता. तुम्ही त्याला पाहिलं नाही. नागपूरचाच, आपल्यातलाच, शांत माणूस. सकाळी सातला गाडी घेऊन जायचा आणि संध्याकाळी सहाला यायचा. माझ्या व्हिसावर मला काम करायची परवानगी नव्हती. माझ्या मराठीच्या एम.ए.बद्दल तिथं कुणी विचारावं असं काही कारणही नव्हतं. दोन खोल्या, एक टीव्ही, खिडकीतून दिसणारा पार्किंग लॉट. मी पायी फिरायला निघाले की गाड्या हळू व्हायच्या, काच खाली यायची आणि आतला माणूस विचारायचा, काही मदत हवी आहे का. तिथं रस्त्यानं चालणारा माणूस म्हणजे गाडी बंद पडलेला माणूस. तरी मी चालायची. मैलभर गेलं की नव्या घरांच्या वसाहती संपत आणि एका म्हातारीची जमीन लागे. सत्तरीच्या पुढची, एकटी, मेलेल्या नवऱ्याचा कोट घालून वावरणारी. रस्त्याकडेला टेबल मांडून भोपळे विकायची. मी एक उचलला. तिनं विचारलं, तोंड कोरून दारात ठेवायला का? मी म्हटलं, भाजीला. तेव्हापासून ओळख झाली. तिच्या स्वयंपाकघरात बसायला मला आवडायचं. ती फार बोलत नसे आणि माझं इंग्रजी दुरुस्त करत नसे. त्या वर्षी मला जायला दुसरी जागा नव्हती, बाबा. एवढं लक्षात ठेवा, म्हणजे पुढचं कळेल.

त्या वसंतात तिनं सफरचंदाची साठ कलमं लावली होती, स्वतःच्या हातानं. हिवाळ्यात खायला काही उरलं नाही की ससे कोवळ्या झाडाची साल कुरतडतात. साल सगळीकडून गोल गेली की झाड उभ्या उभ्या मरतं. पूर्वी ती स्वतः ससे मारायची, पण आता तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि दोन बाजूंना नवी घरं आली होती. बार वाजला की कुणीतरी पोलिसांना फोन करी. हवेची बंदूक असलेला कुणी भेटला तर बरं होईल, असं ती एकदा म्हणाली. मी म्हटलं, मी येते. का म्हटलं ते मला अजून नीट सांगता येत नाही.

"तू?"

"मी."

"मारलं आहेस कधी काही?"

"कोंबडी."

"कोंबडी पळत नाही."

"आमच्याकडची पळते."

ती हसली नाही. तिनं कप धुतला, उपडा घातला आणि मग अट सांगितली. "एका गोळीत. माझ्या जागेत लंगडणारा ससा मला दिसला, तर परत यायचं नाही. कॉफीलासुद्धा नाही."

संध्याकाळी मी जावयाला सांगितलं, मला लायसन्स काढायचं आहे.

"ड्रायव्हिंगचं? फायनली!"

"शिकारीचं."

तो घास हातात धरून थांबला. "यार, लोकांच्या बायका इथं येऊन केक शिकतात."

"केक येतो मला."

"व्हिसाला काही प्रॉब्लेम नाही ना होणार?"

"विचारलंय. नाही होणार."

तो जेवत राहिला. बऱ्याच वेळानं म्हणाला, "ससा कसा लागतो गं?"

लायसन्सच्या आधी वर्ग करावा लागला. अग्निशामक दलाच्या हॉलमध्ये दोन संध्याकाळी, बारा-तेरा वर्षांच्या पोरांच्या रांगेत साडीवर कोट घालून मी बसले. बंदूक कुंपणापलीकडे कशी न्यायची, कोणत्या दिशेला कधीच धरायची नाही, घरांपासून किती लांब राहायचं. परीक्षेत माझा पहिला नंबर आला. हे मला तुम्हाला सांगावंसं वाटलं होतं, आणि नेमकं हेच सांगता येण्यासारखं नव्हतं.

बंदुकीचं दुकान गावाबाहेर होतं, एका खोलीचं. दुकानदार गाड्यांच्या कारखान्यात तीस वर्षं टूलरूममध्ये काम करून घरी बसलेला. नखांत अजून काळं होतं. आम्ही शनिवारी गेलो. त्यानं आधी जावयाकडे पाहिलं. जावयानं माझ्याकडे बोट केलं आणि तो मासे पकडायच्या गळांकडे गेला. दुकानदारानं तीन बंदुका काचेवर मांडल्या. पहिली स्प्रिंगची. नळी मधून मोडून खाली ओढायची, आत स्प्रिंग दबते. ओढता आली मला, पण सुटताना ती हातात उडी मारते. तिच्यानं नीट मारायला शिकायला तुला वर्ष लागेल, असं तो म्हणाला. साठ झाडांकडे वर्ष नव्हतं. दुसरी पंपाची. एका गोळीसाठी आठ-दहा वेळा दांडा मारायचा.

"पहिली चुकली तर?"

"तर पुन्हा आठ-दहा वेळा."

"तोवर ससा?"

"ससा वाट बघत नाही."

तिसरी इंग्लंडहून आलेली, वापरलेली. नळीच्या खाली तशीच दुसरी एक नळी होती. त्या खालच्या नळीत हवा आधीच दाबून भरून ठेवायची. एकदा भरली की वीस छर्रे सुटतात, आणि ती जागची हलत नाही. पण ही पहिली बंदूक म्हणून कुणी घेत नाही, तो म्हणाला. पहिल्या दोन्हींना तुझे हात पुरतात, हिला पाणबुड्याचं सिलिंडर लागतं. तिकडच्या मोठ्या सरोवरांत बुडालेली जहाजं बघायला लोक पाण्याखाली जातात, त्यांच्या पाठीवर असतं ते. ते भरून आणायचं, घरात ठेवायचं, त्यातून बंदुकीत हवा घ्यायची. आणि बंदुकीवर काटा नाही. काटा आहे तो रबरी पाइपवर. किती भरली ते भरतानाच कळतं, नंतर नाही. आधीच्या मालकानं कंटाळून परत आणून दिली. एवढं सगळं तिच्याविरुद्ध सांगून झाल्यावर त्यानं पाइप जोडला आणि दाखवण्यासाठी सिलिंडरची चावी हळूच सोडली. काटा हलला, आणि पाइपमधून तो आवाज आला.

मी नऊ वर्षांची आहे. हातात तुमचा डबा आहे. कंप्रेसर घराची जमीन थरथरते आहे, ती चपलांतून वर गुडघ्यांपर्यंत येते. तुमच्या कानांत कापसाचे बोळे आहेत. तुम्ही मला हातानं सांगता, तिथंच उभी राहा. भिंतीवर परातीएवढा काटा आहे आणि त्यावर एक लाल रेघ. इथून जाड पाइप खाणीत उतरतो. खाली दगडातून नवा बोगदा काढायचं काम चाललं आहे आणि भोकं पाडायच्या मशिनी या हवेवर चालतात. फोन वाजतो. तो ऐकू येत नाही, दिवा लागतो तेव्हा कळतं. खालून कुणीतरी ओरडतं आहे, हवा दे, हवा. तुम्ही फोन ठेवता, चावी फिरवता, काट्याकडे बघता. मग माझ्या कानाशी येऊन मोठ्यानं सांगता, "काटा लाल रेघेले टेकल्याबिगर पाळी सुरू करायची नाई, समजली का? खाली माणसं हायेत." मला वाटतं तुम्ही रागावला आहात. त्या घरात कान गेल्यानं तुमचा आवाजच तसा झाला होता हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. मग तुम्ही डबा उघडायच्या आधी दाढीचा जुना ब्रश घेता, कपड्याच्या साबणाच्या पाण्यात बुडवता आणि पाइपच्या एकेका सांध्यावरून फिरवता. एका ठिकाणी फेसाचा बारीक फुगा येतो, फुटतो, पुन्हा येतो. "हवा दिसत नाई पोरी. फुगा दिसते."

मी दुकानदाराला म्हटलं, साबणाचं पाणी आहे का. तो मग मागे जाऊन कपात घेऊन आला. ब्रश नव्हता, मी बोटानं लावलं. पाइपच्या टोकाशी फुगा आला. त्यानं पाना घेऊन टोक आवळलं. फुगा थांबला.

"हे कुणी शिकवलं?"

"माझ्या वडिलांनी. ते कोळशाच्या खाणीत हवेवर होते."

"मग तू हीच घे," तो म्हणाला.

हे खरं होतं, बाबा. त्या देशात मी तुमच्याबद्दल पहिल्यांदा जे बोलले ते अगदी खरं होतं.

दुकानामागे मातीचा ढीग होता. तिथं त्यानं मला पंचवीस पावलांवर कागद लावून दिला. छर्रा डमरूच्या आकाराचा, मऊ शिशाचा. मी तासभर मारले. कागदावर रुपयाएवढ्या जागेत भोकं पडत होती. बंदुकीवरची नेमाची दुर्बीण त्यानं त्या अंतराला जुळवून, आवळून दिली. "पंचवीसशेवर थांबायचं," पाइपवरच्या काट्याला बोट लावून तो म्हणाला. "त्याच्या वर भरू नकोस." जास्त भरली तर काय होतं, असं मी विचारलं, तेवढ्यात दाराची घंटी वाजली आणि तो गिऱ्हाइकाकडे गेला. सिलिंडर आम्ही कपड्यांच्या कपाटात ठेवलं. जावई आठवडाभर त्या कपाटातून शर्ट काढताना श्वास रोखून धरी.

बातमी पसरली. तिथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीत पुण्याच्या एक काकू माझ्या ताटाकडे बघत म्हणाल्या, "बंदूक घेतलीस म्हणे! तुमच्यात चालतो का गं ससा?" 'तुमच्यात' हा शब्द तुम्ही आयुष्यभर ऐकला असेल. मी सात समुद्र ओलांडून तोच ऐकत होते, हातात करंजी घेऊन. "आमच्यात चालतो, काकू," मी म्हटलं. "तुमच्यात चालत असेल तर डबा पाठवते." जावई खोकत खोकत पाणी प्यायला गेला. काकू नंतर मला फोन करून तोच डबा मागणार होत्या, पण ते पुढे.

पहिला बर्फ पडला त्या शनिवारी सकाळी मी बंदूक भरायला बसले. साबणाचं पाणी फिरवलं, फुगा नाही. चावी सोडली. काटा पंचवीसशेवर आला. मी थांबले. सिलिंडर कालच भरून आणलेलं होतं, त्यात अजून पुष्कळ होतं. बंदूक माझ्या मांडीवर होती आणि मला वाटलं, ही अर्धवट भरलेली आहे. काम सुरू करायच्या आधी काटा पूर्ण वर हवा. इंग्रज लोक फार जपून आकडे देत असतील. मी चावी आणखी थोडी सोडली आणि काटा एकोणतीसशेवर आल्यावर बंद केली. तिथं लाल रेघ नव्हती. ती मीच मनात काढली.

जावयानं मला म्हातारीच्या फाटकाशी सोडलं. "चारला येतो, ओके? पाय-बिय गोठवून घेऊ नको." मी लाकडांच्या ढिगाला टेकून बसले. बर्फावर आवाज सगळे जवळ येतात. दोन तास काही आलं नाही. मग कलमांच्या तिसऱ्या ओळीत एक ससा होता. आला कधी ते दिसलं नाही. तो दोन पायांवर उभा राहिला आणि त्यानं झाडाला पुढचे पंजे लावले, जसं कुणी दाराला लावतं. अंतर पंचवीस पावलांहून कमी होतं. मी श्वास अर्धा सोडला, वर्गात शिकवला होता तसा. आवाज अगदी लहान झाला, जीभ टाळूवरून सुटावी एवढा. ससा उडाला, कुशीवर पडला आणि उठला. मागचा एक पाय त्याच्याबरोबर येत नव्हता. पुढच्या दोन पायांनी स्वतःला ओढत तो छाटलेल्या फांद्यांच्या ढिगाकडे गेला आणि आत शिरला. मागे बर्फावर एक रेघ राहिली.

मी नेम छातीवर धरला होता. तो नेम मला अजून दिसतो.

म्हातारी खिडकीत असणार हे मला माहीत होतं. ती कोट घालून आली, बूट न बांधता. ढिगातल्या फांद्या एक एक करून उचलून बाजूला ठेवू लागली. मीही ठेवू लागले. तळाशी तो दिसला तेव्हा तो ओरडला. सशाला आवाज असतो हे मला माहीत नव्हतं.

"तू करतेस की मी करू?"

"मी."

हातभर अंतरावरून मी दुसरा छर्रा मारला. मग शांत झालं. ती त्याला मागच्या पायांनी उचलून घराकडे चालू लागली. मी तिच्या मागे. ती काही बोलत नव्हती याचा अर्थ मी लावत होते. फाटक डाव्या हाताला होतं.

स्वयंपाकघरात तिनं टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. कातडं कसं सोडवायचं ते दाखवलं, शब्दांनी नाही, सावकाश हात चालवून. मग मोडलेल्या पायाशी थांबली आणि बोटं ठेवून अंतर मोजलं. "तू नेम वर धरला होतास. गोळी चार बोटं खाली आली. का?"

मला कारण त्या वेळी कळत नव्हतं, पण सकाळी काय वेगळं केलं ते माहीत होतं. मी सांगितलं, हवा जास्त भरली.

"किती?"

"एकोणतीसशे."

"त्यानं किती सांगितली होती?"

"पंचवीसशे."

तिनं सुरी खाली ठेवली. "मग?"

बाबा, इथं मी खरं सांगू शकले असते. मला वाटलं म्हणून भरली, एवढंच. पण मग मला तिथून जावं लागलं असतं. मी दाराकडे पाहिलं, माझे ओले बूट तिथं होते.

"माझ्या वडिलांची पद्धत," मी म्हणाले. "ते बंदूक पूर्ण भरल्याशिवाय जंगलात जात नसत."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मोतीबिंदूमुळे तिला किती दिसत होतं कोण जाणे. मग म्हणाली, "माझ्या वडिलांनी मला कुऱ्हाड चुकीच्या हातात धरायला शिकवली. मी अजून तशीच धरते. साठ वर्षं पाठ दुखते आहे." तिनं सुरी उचलली. "वडील चुकतात. त्यांना सांगू नये."

"ते आता नाहीत."

"मग तर मुळीच सांगू नये. शनिवारी ये. पंचवीसशे."

दुकानदारानं पुढच्या आठवड्यात मला समजावून सांगितलं. आत एक झडप असते. चाप ओढला की हातोडी तिला ठोकून क्षणभर उघडते आणि तेवढी हवा छर्ऱ्याच्या मागे जाते. हवा फार दाबून भरली तर तीच झडपेला आतून मिटून धरते, हातोडी पुरत नाही. म्हणजे जास्त भरली की कमी सुटते. मी त्याच्या अंगणात तीस छर्रे मारले, वेगवेगळ्या काट्यावर, आणि प्रत्येक भोक कुठं पडलं ते वहीत लिहिलं. पंचवीसशे ते सतराशे, एवढ्यातच ती बंदूक सरळ होती. त्यानंतर माझा एकही ससा लंगडला नाही. कलमं वाचली. सशाचं आम्ही आपल्याकडच्यासारखं तिखट कालवण केलं. म्हातारीनं नाक पुसत तीनदा वाढून घेतलं, आणि पुण्याच्या काकूंनी काका बाहेरगावी असताना गुपचूप डबा मागवला.

आता ती गोष्ट. तुम्ही कधी बंदुकीला हात लावला नाही. घरी कोंबडी कापायची असली की तुम्ही बाहेर जायचात, हे मला माहीत होतं. का ते माहीत नव्हतं. तुमच्या पोटरीत कातडीखाली एक कडक मणी होता. लहानपणी तुम्ही आडवे झालात की मी तो बोटानं इकडून तिकडे सरकवत असे आणि तुम्ही म्हणायचात, गाठ हाय, खेळू नको. तुमच्या पुण्यानुमोदनाला लोक जेवून गेले, भांडी घासून झाली, तेव्हा आईनं सांगितलं की ती गाठ नव्हती, छर्रा होता. तुम्ही अकरा वर्षांचे होता. गावच्या जमीनदाराकडे, मालगुजाराकडे, शिकारीला पाहुणे आले की आपल्या वस्तीतल्या लोकांना हाक्याला नेत, बोलावून नव्हे, हाकून. डबे बडवत, ओरडत रानातून ओळीनं चालायचं आणि जनावर पाहुण्यांच्या मचाणाकडे काढून द्यायचं. तुम्ही आजोबांच्या बाजूला चालत होता. कुणीतरी नेम खाली धरून बार काढला. मचाणावरून आवाज आला, पोरगं आडवं आलं. आजोबांनी तुम्हाला खांद्यावर घेतलं, पण हाका पुरा झाल्याशिवाय घरी जाता आलं नाही. आई हे सांगत होती आणि राखेनं हात चोळत होती. म्हणाली, त्याईनं मले एकदाच सांगतलं, लग्न झाल्यावर. पुन्हा नाई.

मला हे सगळं माहीत होतं, बाबा. म्हातारीच्या टेबलाशी ते वाक्य बोलले तेव्हाही माहीत होतं.

आणि ते एकच वाक्य नव्हतं. पुढच्या शनिवारी तिनं विचारलं, तुझ्या वडिलांनी वाघ मारला होता का? मी म्हटलं, नाही, ससेच. कधी रानडुक्कर. एका गोळीत? बहुतेक वेळा. तिला ते आवडलं. तिनं विचारलं की मी उत्तर द्यायची, आणि पुढे पुढे तिनं न विचारताही सांगायची. तुमच्याकडे खाकी कोट होता. तुमचे कान फार तिखट होते, पान हललं तरी कळायचं. तुम्ही पहाटे निघायचात आणि मला बरोबर न्यायचात. बोलायचात ते अगदी हळू आवाजात. दोन हिवाळे मी हे करत होते. एकदा तिचा भाऊ आला होता, त्याला तिनं माझी ओळख करून दिली. "हिचे वडील इंडियात मोठे शिकारी होते. हात बघ किती स्थिर आहे, घराण्यात आहे." भावानं माझा हात हातात घेऊन पाहिला. मी हसले. मग आम्ही न्यू जर्सीला गेलो, बंदूक मी त्याच दुकानात परत दिली. म्हातारीला मी दर वर्षी कार्ड पाठवत असे. तिकडून उत्तर येणं थांबेपर्यंत ती त्यात तुमच्याबद्दल एक ओळ लिहायची.

मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आले की ती जागा सुटू नये म्हणून मी खोटं बोलले. पहिल्या दिवशी ते तसंच होतं. त्यानंतर तसं नव्हतं. तिनं मला ठेवून घेतलं होतं, मी काहीही सांगितलं असतं तरी तिनं मला घालवलं नसतं. खाणीतलं कंप्रेसर घर तिला आवडलं असतं, साबणाचा फुगा तर फारच. मी ते सांगितलं नाही. तुम्ही समोर असता तर हे मी बोलले नसते, आणि हे पत्र तुमच्यापर्यंत पोचवायची काही सोय असती तर लिहिलंही नसतं. पहिल्या खोट्यानंतरचं सगळं मी माझ्या आवडीनं सांगत होते. त्या स्वयंपाकघरात तुम्ही मचाणावर बसलेले असायचात, पाय खाली सोडून, कसलीही घाई नसलेले. खाली रानातून डबे बडवत कोण येत होतं, ते तिनं कधी विचारलं नाही. मीही तिकडे बघितलं नाही.